अक्कलदाढ काढून तिसरा दिवस, ठणका वाढतोय

प्रश्न:
परवा खालची डावी अक्कलदाढ काढली. आडवी होती, म्हणून हिरडी कापून तुकड्यांत काढली. 2 टाके आहेत. काल बरं वाटत होतं. आज पहाटेपासून मात्र ठणका थेट कानात जातोय, तोंडाला घाण चव आहे. गाल सुजलाय, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. आरशात खड्ड्यात पांढरट काहीतरी दिसतं. पू असेल का? तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तोवर थांबू का?

उत्तर:
थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तोंडही काही दिवस कमीच उघडतं, त्याची धास्ती नको. पण दुखणं रोज थोडं उतरायला हवं. उतरलेलं दुखणं पुन्हा चढून कानाकडे गेलं, की ड्राय सॉकेटची, म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटून हाड उघडं पडल्याची, शंका घ्यायची.

माझं तसंच झालं होतं. लाळ लालसर दिसली की मी घाबरून बेसिनकडे धावायचे, दर पाच मिनिटांनी थुंकायचे. पहिल्या दिवशी लाळेत थोडं रक्त येतंच, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. जोरात थुंकल्याने खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटू शकते, आणि खालच्या हाडावर तेवढंच तर झाकण असतं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाचा वास येणारी औषधी पट्टी भरली. खुर्चीतून उठेपर्यंत ठणका निम्म्यावर आला! पुढे पट्टी दोनदा बदलली.

आणखी एक उत्तर:
पांढरट थर बहुतेकदा पू नसतो, जखम भरत असतानाच तो धरतो. काडीने टोकरू मात्र नका. स्ट्रॉ नको, सिगारेट तर अजिबात नको. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ खळखळवू नका. पाणी तोंडात धरा, मान एका बाजूला कलती करा आणि ओठ उघडून आपोआप गळू द्या. गोळ्यांत मेट्रोनिडॅझोल असेल तर दारू वर्ज्य. ताप चढला, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता:
दुपारीच जाऊन आलो. ड्राय सॉकेटच निघालं. थुंकणं माझंही सारखं चाललं होतं, ताई. पट्टी भरलीय, परवा बदलायला बोलावलंय. आल्यावर चार तास सलग झोपलो.