दिवाळी स्टॉल: हाताचं कुणाचं आणि किंमत कशी

सचिव, ए-१०१: नमस्कार मंडळी. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी क्लबहाउसमध्ये आपल्या रहिवाशांचे स्टॉल लावायचेत. सकाळी १० ते रात्री ८. टेबलं १२, भाडं टेबलामागे २०० रुपये (मांडव आणि लायटिंगचं). फक्त घरी हाताने केलेल्या वस्तू. नावं गुरुवारपर्यंत द्या.

सी-३०३: माझं एक धरा. क्रोशाची तोरणं आणि रुमाल.

डी-२०२: आम्ही बोहरी आळीतून होलसेलमध्ये कंदील आणि तोरणं आणणार आहोत. बाहेरपेक्षा स्वस्त देऊ, सगळ्यांचाच फायदा. एक टेबल लिहा.

सी-३०३: काका, राग मानू नका, पण यावर आधी बोलूया. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्याच टेबलावर मशीनची तोरणं १२० ला होती. माझं तोरण ४५० चं, त्याला १५ संध्याकाळ लागल्या. जो तो हातात घ्यायचा, छान म्हणायचा आणि "तिकडे १२० ला आहे की" म्हणून पुढे जायचा. पाचपैकी तीन तोरणं परत घरी आणली. लोकांची चूक नव्हती, दोन्ही टेबलांवर पाटी एकच होती, ‘हस्तकला’.

डी-२०२: पण ताई, गिऱ्हाईक किंमत बघणारच ना? ४५० रुपये जास्त नाहीत का?

बी-४०२: मी सांगते हिशेब. माझ्या कंदिलाचा सांगते, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.
चौकोनी कंदिलाला २४ सारख्या काड्या लागतात. बुरूड आळीतून बांबू चिरून आणायचा, कामट्या तासून घ्यायच्या. एक काडी बोटभर जास्त झाली तर अख्खा कंदील तिरका होतो. मग चार-चार काड्यांचे ६ चौकोन बांधायचे आणि ते १२ कोपऱ्यांवर एकमेकांना जोडायचे. मधे आपोआप ८ त्रिकोण तयार होतात. त्यावर पतंगी कागद. कागद ओढून लावला तर खळ वाळताना फाटतो, सैल लावला तर सुरकुत्या पडतात. शेवटी कडेच्या पट्ट्या आणि खालच्या झिरमिळ्या. कामट्या, कागद, दोरा, होल्डर, वायर धरून १६० रुपये जातात. आणि सलग बसले तरी ४ तास.
आता तुम्ही सांगा, त्या ४ तासांचे किती लावू? नळ गळत होता तेव्हा प्लंबरने २० मिनिटांचे ३०० घेतले, आपण मुकाट्याने दिले, कारण ते काम आहे. मी तासाला ७५ च लावते. ४६० झाले. गेली सहा वर्षं मी हा २५० ला देत होते, म्हणजे माझ्या तासाची किंमत साडेबावीस रुपये. कुणी मागितला नव्हता हा स्वस्तपणा, मलाच सांगायला लाज वाटायची. या वर्षी ४६० च घेणार.

सी-३०३: आजी 🙏

ए-५०४: आजी, हे टेबलावर लिहून ठेवूया का? साहित्य १६०, वेळ ४ तास. वाचलं की विचारायची गरजच पडणार नाही.

बी-४०२: लिही बाळा. तुझं अक्षर चांगलं आहे.

डी-२०२: आजी, मला हे माहीत नव्हतं. मग मी टेबल मागे घेतो. पण लायटिंगच्या माळा लागणारच ना सगळ्यांना? गेटजवळ वेगळ्या ठेवल्या तर?

सचिव, ए-१०१: काका, गेटजवळ चालेल. पाटी ‘तयार माल’ अशी लावा म्हणजे गोंधळ नको. उटणं आणि साबण विकायचे असतील तर आधी मला भेटा, अंगाला लावायच्या वस्तू विकण्यासाठी बनवायला परवाना लागतो.

बी-१०४: माझं पण टेबल लिहा. वारली पेंटिंगच्या कापडी पिशव्या, ३० आहेत. मीच रंगवल्यात.

ए-५०४: वहिनी, एक विचारू? वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. मग ‘वारली’ नावाने आपण विकावं का?

बी-१०४: मी जव्हारला चार दिवस शिकायला गेले होते. म्हणून वाटलं चालेल.

ए-५०४: शिकण्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पिशव्या सुंदर आहेत. पण ते मानांकन वारली समाजाच्या कलेच्या नावाचं रक्षण करायलाच आहे.

बी-१०४: खरंय. तिथल्या मावशी चित्र ‘काढतो’ म्हणत नव्हत्या, ‘लिहितो’ म्हणत होत्या. लग्नघरी भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात, आत पालघट देवी. भिंत सारवून त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि बांबूची काडी चघळून केलेला कुंचला. जिव्या सोमा मशेंनी ती कला कागदावर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढं ऐकून आले आणि पिशवीवर नुसतं ‘वारली’ छापून विकायला निघाले होते. पाटीवर ‘हाताने रंगवलेली पिशवी’ लिहीन.
आणि सचिव साहेब, एक टेबल त्या मावशींना देऊया का? भाडं न घेता. त्या आणि त्यांचा मुलगा येतील, मी फोन करते. त्यांचं जेवण आमच्याकडे.

सी-३०३: त्यांचे २०० मी भरते.

डी-२०२: एसटीचं येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडे.

सचिव, ए-१०१: पहिलं टेबल त्यांचं, दारासमोरचं. त्यांच्या चित्रांची किंमत त्या सांगतील ती. कृपया तिथे घासाघीस नको. खरं तर कुठल्याच टेबलावर नको.

डी-२०२: आजी, माझ्या दोन कंदिलांची ऑर्डर घ्या. ४६० प्रमाणे ९२० आत्ताच पाठवतो.

बी-४०२: पैसे त्या दिवशी द्या. रंग कुठले हवेत?

डी-२०२: एक केशरी. दुसरा नातीला विचारून सांगतो.

ए-३०१: आजी, आमचा मुलगा सहावीत आहे. रविवारी तुमच्याकडे बसू दे का? कंदील करायला शिकायचाय त्याला.

बी-४०२: पाठव. येताना कात्री आणि जुनं वर्तमानपत्र आणायला सांग. खळ मी शिजवून ठेवते. पहिल्या दिवशी नुसत्या गाठी शिकवीन, कागद दुसऱ्या दिवशी.