'अपंगत्व शरीरात नसतंच' म्हणे!

संधिवाती: काल एकाची पोस्ट फिरत होती, "अपंगत्व शरीरात नाही, समाजाच्या नजरेत असतं. नजर बदला, अपंगत्व संपेल." खाली बदामांचा पाऊस. अरे बाबांनो, मला १४ वर्षं संधिवात आहे, सकाळी बोटं वळत नाहीत, बाटलीचं झाकण उघडायला तासभर थांबावं लागतं आणि तेव्हा खोलीत मी एकटीच असते, समाज झोपलेला असतो. कोणाची नजर बदलू, सांध्यांची?

कुबडीवाला: पोस्ट भंपक आहे, मान्य. पण मूळ मुद्दा नजरेचा नव्हताच. १९७६ साली ब्रिटनमधल्या अपंगांच्याच संघटनेने फरक केला, की शरीरातली उणीव वेगळी आणि तिच्यावर समाज जे अडथळे लादतो ते अपंगत्व. मला पोलिओ झाला विषाणूमुळे. पण दुसऱ्या मजल्यावरची मुलाखत न देता खालूनच परत आलो ते जिन्यामुळे. जिना विषाणूने बांधला नव्हता.

संधिवाती: लिफ्ट लावली की माझं दुखणं जातं का?

कुबडीवाला: दुखणं नाही जात. नोकरी जात नाही.

खाणाखुणा: अमेरिकेतल्या मार्थाज विनयार्ड बेटावर आनुवंशिक बहिरेपणा एवढा होता की १९व्या शतकात चिलमार्क गावात साधारण २५ माणसांत एक बहिरा, त्यामुळे ऐकू येणारेही सर्रास खुणांनी बोलायचे. माझा भाऊ जन्मापासून बहिरा. घरात आम्ही सगळे खुणा शिकलो, नातेवाईक नाही शिकले. म्हणून त्यांच्यात तो 'बिचारा' आणि घरात सगळ्यात भांडखोर.

तिरसट: आलं बेट! दरवेळी तेच बेट. त्यापेक्षा आपली भाषा बघा की. 'वासरांत लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं'. आणि वरून 'दिव्यांग'. माझ्या डोळ्यांत दिव्य काही नाही हो, दिसत नाही इतकंच. खुशाल आंधळा म्हणा, फक्त वेबसाइट स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येईल अशी करा.

व्याकरणमास्तर: मग म्हणींवर बंदी घालायची का? आंधळ्या कोशिंबिरीला काय म्हणणार, दिव्यांग कोशिंबीर?

तिरसट: बंदी कोणी मागितली? वाचता येतं ना तुम्हाला, डोळे शाबूत आहेत ना? की विनोद सुचला म्हणून टाकला?

कुबडीवाला: शाळेत लंगडी खेळायला मला कोणी घ्यायचं नाही. म्हणायचे, याची तर रोजचीच लंगडी. मीही हसायचो, दुसरं काय करणार.

व्याकरणमास्तर: बरं बाबा, चुकलो. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर...

तिरसट: भावना ठणठणीत आहेत. वेबसाइटचं बघा.

संधिवाती: धागा माझा आणि चर्चा कोशिंबिरीवर, छान. असो, जिन्याचं पटलं. अर्धंच. ऑफिसने ९ ऐवजी ११ची वेळ दिल्यापासून मला काही आहे हे नवीन लोकांना कळतही नाही, हे खरंय. पण एवढं टाइप करायला २० मिनिटं लागली त्यात समाजाचा हात नाही, माझाच आहे.

कुबडीवाला: फोनवर बोलून टाइप करता येतं की.

संधिवाती: माहितीये. 'सांधे' म्हटलं की तो 'सांगे' लिहितो.

कुबडीवाला: मग हा दोष सांध्यांचा की फोनचा?