जूनमध्ये मत देणारे म्हणजे वरातीमागून घोडं?

रॅरिटनकाठी: परवा इथे एकाने लिहिलं, 'अध्यक्षपदाची प्रायमरी सुपर ट्यूजडेलाच संपते, जूनमधली राज्यं म्हणजे वरातीमागून घोडं.' म्हणजे अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्याराज्यांतलं मतदान, बरीच राज्यं एकदम मत देतात त्या मार्चमधल्या मंगळवारीच आटोपतं म्हणे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मी न्यू जर्सीचा. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मत ७ जून २०१६चं. आदल्या संध्याकाळीच असोसिएटेड प्रेसने सुपरडेलिगेट्स (प्रायमरीच्या निकालाला बांधील नसलेले पक्षाचे पुढारी) धरून हिशेब केला आणि हिलरी क्लिंटनबाईंची उमेदवारी पक्की झाल्याचं सांगून टाकलं. बायको म्हणाली, आता कशाला जाताय? तरी गेलो, त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या बर्नी सँडर्सना मत दिलं. आमच्या राज्यात ते सपाटून हरले. पण शेवटपर्यंत लढून त्यांनी जी मतं जमवली, त्या जोरावरच २०१८मध्ये सुपरडेलिगेट्सचा पक्षाच्या अधिवेशनातल्या पहिल्या फेरीतला मताचा हक्क गेला. १९८४मध्ये उमेदवारीसाठी लढणारे गॅरी हार्ट कॅलिफोर्नियात बोलता बोलता जर्सीला विषारी कचऱ्यावरून हिणवून बसले आणि जूनमध्ये जर्सी त्यांचे प्रतिस्पर्धी मोंडेल यांच्याकडे गेली. उशिराच्या राज्यांना किंमत नव्हती, तर ते वाक्य त्यांना इतकं का भोवलं?

मक्याच्या शेतातून: सगळे अपवाद. २०२४ला ट्रम्पविरुद्ध लढणाऱ्या निक्की हेली सुपर ट्यूजडेच्या दुसऱ्याच दिवशी बाहेर पडल्या. २०२०ला सँडर्स ८ एप्रिलला थांबले, तुमचं मतदान ७ जुलैला. १९८०मध्ये टेड केनेडींनी शेवटच्या दिवशी आठपैकी पाच राज्यं जिंकली, त्यात तुमची जर्सीही होती. उमेदवारी तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांनाच मिळाली ना? आमच्या आयोवात तेव्हा सगळ्यांच्या आधी कॉकस व्हायचं, म्हणजे एकत्र जमून आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. २००८च्या जानेवारीत शाळेच्या जिममध्ये शेजारच्या शेतकऱ्याने अर्धा तास वाद घालून मला एडवर्ड्सच्या कोपऱ्यातून ओबामांच्या कोपऱ्यात नेलं. त्या रात्री देशाची हवा बदलली. मत म्हणतात ते याला.

रॅरिटनकाठी: आणि २०२०ला तुमच्याकडे निकाल कळवायचं ॲप बसलं, निकाल द्यायला दिवसच्या दिवस लागले. २०२४ला डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या मतदानाचा मान तुमच्याऐवजी साउथ कॅरोलायनाला दिला, तेही सांगा की.

सॅन होजेची: लवकर मत दिलं की ते कामी येतं असं वाटणाऱ्यांनी माझं ऐका. २०२०मध्ये कॅलिफोर्नियाने प्रायमरी जूनवरून ३ मार्चला आणली. टपालाची मतपत्रिका फेब्रुवारीत आली, मी उत्साहाने लगेच भरून टाकली. मत एमी क्लोबुशारना. १ मार्चला दुसरे उमेदवार बुटिजेज लढतीतून बाहेर पडले, २ला क्लोबुशारही. पाठवलेलं मत परत घेता येत नाही. त्या रात्री मी खरंच रडले. जूनमध्ये निदान मैदानात कोण उरलंय ते कळतं.

जर्सीची लेक: अध्यक्षपद राहू द्या, आमची मतपत्रिकाच वाकडी होती. 'काउंटी लाइन' भोगलेल्यांना सांगायला नको. पक्षाचा वरदहस्त असलेल्यांची नावं एका ओळीत, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. माझी मैत्रीण पक्षाच्या स्थानिक समितीसाठी उभी होती. सासूबाई चष्मा पुसून पुसून शोधत होत्या, तिचं नाव सापडेना. सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणारे अँडी किम त्यावरून कोर्टात गेले, मार्च २०२४मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती ओळ थांबवली. जूनमध्ये किम जिंकले, आज सिनेटर आहेत.

मक्याच्या शेतातून: ताई, विषय काय, तुम्ही कुठे गेलात? सिनेट वेगळं, अध्यक्षपद वेगळं.

जर्सीची लेक: वेगळं कसं? कागद एकच, दिवस एकच. 'लढत संपली' असं तुम्ही मार्चपासून सांगत सुटता, लोक घरी बसतात आणि मूठभर मतांवर स्थानिक पुढारी वर्षानुवर्षं खुर्च्या राखतात. माझ्या मैत्रिणीला त्याचीच झळ बसली.

रॅरिटनकाठी: +१. आणि आयोवाच्या त्या जिमचं कौतुक पुरे झालं. संध्याकाळी सातला जिममध्ये हजर राहायचं म्हणजे रात्रपाळीच्या नर्सने काय करायचं? तिच्या मताला तुमच्याकडे जागाच नव्हती, आणि आम्हाला शिकवताय?

मक्याच्या शेतातून: आवाज खाली ठेवा. नर्सचं मान्य, करावंच लागेल. माझी बायकोच त्या रात्री ड्युटीवर होती, तिचं मत राहिलं. इतकी वर्षं झाली तरी ऐकवते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सुपरडेलिगेट्सचंही एक वेळ धरतो. पण जूनमधल्या मताने उमेदवार ठरत नाही, यावरून मी हलणार नाही.

जर्सीची लेक: २०२४चा कुणाच्या मताने ठरला? बायडेन जवळजवळ सगळीकडे जिंकले, २१ जुलैला बाजूला झाले. मग डेलिगेट्सनी, म्हणजे उमेदवार निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींनी, हॅरिसना निवडलं. त्यांत जूनवाले आमचेही होते. आमच्या डेलिगेटचं मत अर्धं नाही धरलं कुणी.

मक्याच्या शेतातून: आणि मतदारांना कुणी विचारलं? मार्चवाल्यांनाही नाही.

रॅरिटनकाठी: नाही विचारलं. तेवढं तुमचं बरोबर.

सॅन होजेची: मी आता मतपत्रिका आली की फ्रीजवर ठेवते. शेवटच्या दिवशीच टाकते.