हीट पाइप: ‘उष्णतावाहक नळी’ म्हणावं का?

अंबडकर: नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरसाठी देखभालीची पुस्तिका मराठीत लिहितोय. वाचणार आमची एसी-इलेक्ट्रिकलची पोरं. भिंतीत हीट पाइपचं, म्हणजे एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाला नेणाऱ्या बंद नळ्यांचं युनिट आहे. नळ्यांचं खालचं टोक सर्व्हरच्या गरम हवेत, वरचं टोक बाहेरच्या हवेत. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणजे धूळ आत येत नाही. साहेबांनी ‘उष्णतावाहक नळी’ सुचवलंय. कानाला खटकतंय. तुमचं मत?

मास्तर: खटकायलाच हवं. शाळेत आपण वहन, अभिसरण, प्रारण शिकलो. वहन म्हणजे तव्याच्या दांड्यातून चटका हाताला लागतो ते; पदार्थ जागचा हलत नाही. इथे तर नळीतला द्रव उकळतो, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा द्रव होते आणि उष्णता सोडते. सारी कमाल अप्रकट उष्म्याची. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात, पण शंभर अंशांवरच्या त्याच पाण्याची वाफ करायला सुमारे २२६०. म्हणून नळीत द्रव थोडासाच असला तरी भागतं. शिवाय आतली हवा काढून नळी सील केलेली असते, त्यामुळे पाणी भरलेल्या नळीत ते चाळीस अंशांनाही उकळतं.

शब्दखोर: मास्तर, एवढं सोवळं नको. १९४४ मध्ये जनरल मोटर्सच्या गॉगलर यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं होतं, पण ती मागे पडली. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ग्रोव्हर यांनी ती नव्याने शोधली आणि त्यांच्या गटाच्या १९६४ च्या शोधनिबंधाच्या शीर्षकात उष्णतावाहकतेचाच उल्लेख होता. तांब्याच्या भरीव कांबीपेक्षा कितीतरी पट उष्णता नेते म्हटल्यावर ‘वाहक’ म्हणायला हरकत काय? शिवाय वाहक म्हणजे वाहून नेणारा. एसटीत कंडक्टरला आपण तेच म्हणतो की.

सातपूरचा मेकॅनिक: हरकत मी सांगतो भाऊ. कांब दोन्हीकडून उष्णता नेते. तुमचं भिंतीतलं युनिट नेत नाही. डिसेंबरात रात्री नाशिकचा पारा दहाच्या आसपास येतो, निफाडला त्याहून खाली. तेव्हा खोलीतल्या ३५ अंशांच्या हवेने खालच्या टोकाचा गॅस (नळीतल्या द्रवाला आम्ही गॅसच म्हणतो) उकळतो, वर जाऊन पुन्हा द्रव होतो, आपल्या वजनाने खाली उतरतो. एसीचा कंप्रेसर बंद, बिल फक्त पंख्यांचं. एप्रिलच्या दुपारी बाहेर चाळीस झालं की वरचं टोक गरम, पण तिथे उकळायला द्रवच नाही, तो खाली साचलेला. म्हणून बाहेरची उष्णता आत येत नाही, नळी नुसती गप्प बसते आणि नेहमीचा कंप्रेसर चालवावा लागतो. पुस्तिकेत ‘वाहक’ वाचलं की पोरं मे महिन्यात म्हणतील, ही उलटी चालून खोली तापवतेय, झाकून टाका!

शब्दखोर: हे मान्य. पण लॅपटॉपमधली चपटी नळी तर आडवी-उभी कशीही चालते?

मास्तर: कारण तिला वात असते. आतल्या भिंतीला तांब्याची भुकटी भाजून चिकटवलेली किंवा बारीक जाळी. समईची वात तेल वर ओढते तसा ती वाफेचा पुन्हा झालेला द्रव गरम टोकाकडे ओढून आणते. अशी नळी दोन्ही दिशांना चालते. प्रोसेसरवर बसते ती बहुधा हीच. भिंतीतली बिनवातीची; तिला थर्मोसायफन म्हणतात.

अंबडकर: मग ‘वातनळी’ करू का?

मास्तर: अजिबात नको! वातानुकूलनातला वात म्हणजे हवा. पोरं डक्ट समजतील, आणि आमच्या वयाची माणसं सांधेदुखी.

सातपूरचा मेकॅनिक: ‘हीट पाइप’च ठेवा. सगळे तेच बोलतात. खाली एका ओळीत ‘वातीची’ की ‘बिनवातीची’ एवढं लिहा. आणि तपासणी जरूर लिहा: थंडीत युनिट चालू असताना नळीच्या दोन्ही टोकांचं तापमान मोजा. जवळपास सारखं आलं तर नळी ठीक. खालचं टोक गरम आणि वरचं गार पडलेलं असेल, तर गॅस गळालाय किंवा आत हवा शिरलीय.

अंबडकर: पटलं. ‘हीट पाइप (बिनवातीचा)’ असं घेतो. अजून एक, ‘ऊर्जा-कार्यक्षम शीतकरण’ कसं वाटतं?

शब्दखोर: सरकारी फाइलीसारखं. ‘कमी विजेत गारवा’ म्हणा.

मास्तर: ‘गारवा’ही जपून. नळी गारवा तयार करत नाही, उष्णता बाहेर टाकते. ‘कमी विजेत उष्णता बाहेर’ लिहा, आणि शेजारी तुमच्या जागेचा पीयूई द्या: एकूण वीज भागिले सर्व्हरला लागणारी वीज. दोन आला तर सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे आणखी एक युनिट थंडाई, यूपीएस, दिवे वगैरेंत जातंय. थंडीचा आणि उन्हाळ्याचा आकडा वेगवेगळा द्या, सरासरी काढू नका.

अंबडकर: देतो सर. सर्व्हरच्या रांगांमधल्या हॉट आइल-कोल्ड आइलला ‘गरम गल्ली’, ‘थंड गल्ली’ आधीच लिहून टाकलंय, त्यावर कुणी वाद घालू नका.