सल्ला हवा: पॉडकास्टला अभिप्राय ईमेलने पाठवावा की बूस्टने?

मूकश्रोता:
ओपन सोर्स आणि बिटकॉइनवरच्या एका पॉडकास्टला अभिप्राय पाठवायचा आहे. एकाच भागात तीन गोष्टी खटकल्या. पाहुण्याचा आवाज सूत्रधारापेक्षा खूप बारीक येतो. ‘ओपी-रिटर्नमध्ये ८० बाइटपेक्षा जास्त डेटा टाकला तर ब्लॉक अवैध ठरतो’ असं ठासून सांगितलंय (ओपी-रिटर्न म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारात जोडमजकूर ठेवायची जागा). आणि एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या ओपन सोर्स साधनात लपवलेल्या बॅकडोरबद्दल (चोरवाटेबद्दल) ‘सगळं गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सार्वजनिक साठ्यात, उघड्यावर होतं, कुणी वाचलंच नाही’ असंही म्हटलंय.

सूत्रधार दर भागात ‘सॅट्ससकट बूस्ट पाठवा’ म्हणतात (बूस्ट म्हणजे बिटकॉइनच्या सुट्ट्या पैशांसह, सॅट्ससह, पाठवलेला संदेश), वेबसाइटवर ईमेलही दिलाय. काय कुठे पाठवावं? अँटेनापॉड या पॉडकास्ट अ‍ॅपवर ऐकतो, त्यात बूस्टचं बटण दिसत नाही. आणि संदेश देवनागरीत लिहिला तर पोचतो का?

पॅचवर्क:
तिन्ही गोष्टी एका पत्रात कोंबू नका. आवाजाची तक्रार संकलन करणाऱ्याच्या कामाची, तथ्याची चूक सूत्रधाराच्या. एकत्र लिहिलं की त्यातलं सोपं तेवढं उत्तरात येतं आणि बाकीचं तसंच पडून राहतं.

चूक कळवताना भागाचा क्रमांक, वेळ आणि बोललेले नेमके शब्द द्या. शब्द वेळेपेक्षा महत्त्वाचे. डाउनलोडच्या वेळी जाहिराती घुसवणारा होस्ट (फाइली ठेवणारी सेवा) असेल तर तुमचं ३२:१० आणि सूत्रधाराचं ३२:१० यांत मिनिट-दोन मिनिटांची तफावत पडते. एमपी३ बदलत्या बिटरेटची असून तिच्या हेडरमध्ये वेळेचा तक्ता नसेल, तरी प्लेअर वेळ चुकीची दाखवतो. उतारा उपलब्ध असेल तर त्यातलं वाक्य जसंच्या तसं चिकटवा, शोधायला दहा सेकंद लागतात.

आता तुमची दोन विधानं.

ओपी-रिटर्न: ८० बाइट हा एकमताचा, म्हणजे ब्लॉक वैध की अवैध हे ठरवणारा, नियम कधीच नव्हता. ती बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरची रिले पॉलिसी होती, म्हणजे व्यवहार मेमपूलमध्ये (ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या रांगेत) घ्यायचा आणि पुढे पाठवायचा की नाही एवढंच ती ठरवायची. खाणकामगाराने मोठा ओपी-रिटर्न थेट ब्लॉकमध्ये घातला तर नोड (नेटवर्कमधला संगणक) तो ब्लॉक मुकाट्याने स्वीकारतो. मर्यादा उरते ती अख्ख्या ब्लॉकच्या आकाराची, ४० लाख वेट युनिटची. कोअरच्या ३० व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पॉलिसीची ही डिफॉल्ट मर्यादा १,००,००० बाइटपर्यंत नेली. त्यावरून केवढा धुरळा उडाला हे बिटकॉइन ऐकणाऱ्यांना सांगायला नको, पण त्या भांडणातही वाद पॉलिसीवर होता, ब्लॉक वैध की अवैध यावर नव्हता. पत्रात हा एक फरक लिहा आणि थांबा. मोठ्या ओपी-रिटर्नच्या बाजूने की विरोधात हे मत जोडलंत तर तुमची दुरुस्ती ‘दुसऱ्या गटाचा माणूस’ म्हणून बाजूला पडेल.

एक्सझेड: हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या त्या प्रकारात (आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१) बिघडवलेला डेटा चाचणीच्या फाइली म्हणून गिटमध्ये होता, हे बरोबर. पण बिल्डच्या वेळी तो बाहेर काढून लायब्ररीत मिसळणारी एम४ स्क्रिप्ट फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोक उतरवतात त्या गठ्ठ्यात) होती, रिपॉझिटरीत नव्हती. म्हणजे गिटमधला कोड ओळ न् ओळ वाचणाऱ्यालाही कळसूत्र सापडलं नसतं. धडाच बदलतो: ‘जास्त डोळे हवेत’ याच्याऐवजी ‘टारबॉल आणि गिटचा टॅग ताडून बघा’.

ध्वनिदोष:
आवाजाचं आधी मोजून घ्या, मग लिहा. ‘आवाज नीट नाही’ यावर संकलक काय करणार?

पहिल्यांदा दोष तुमच्या टोकाला नाही ना ते बघा. अँटेनापॉडमध्ये प्रत्येक पॉडकास्टसाठी आवाज कमी-जास्त करायची सोय आहे, शांतता गाळायचीही आहे. दोन्ही बंद करून ऐका. एकाच कानात इअरफोन घालून ऐकत असाल तर दुसऱ्याही कानात घाला. पाहुणा फक्त उजव्या चॅनलवर राहून गेलेला असतो, हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं.

तरी फरक राहिला तर फाइल उतरवून एफएफएमपेग या साधनाच्या ईबीयू-आर१२८ फिल्टरमधून (तो आवाजाची पातळी मोजतो) काढा. पूर्ण फाइल नको. सूत्रधार एकटा बोलतोय असे ३० सेकंद आणि पाहुणा एकटा बोलतोय असे ३० सेकंद वेगवेगळे मोजा. समजा सूत्रधार उणे १५ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं एकक; फरक मोजताना नुसतं एलयू) आला आणि पाहुणा उणे २३, तर आठ एलयूचा फरक झाला. एवढ्यावर माणूस दर प्रश्नाला आवाजाचं बटण फिरवत बसतो.

हे दोन आकडे दिलेत की संकलकाला कारण बहुधा लगेच कळतं. अख्खी मिसळलेली फाइल उणे १६ वर आणली असणार. स्टिरिओ पॉडकास्टसाठी तो आकडा रूढ आहे, पण तो सरासरीचा. दोन माणसांतली दरी त्याने बुजत नाही. ट्रॅक वेगवेगळे असतानाच प्रत्येकाची पातळी जुळवायची, मग मिसळायचं, आणि शेवटी एकूण आकडा. आधीच मिसळलेल्यावर कॉम्प्रेसर (मोठा-बारीक आवाज जवळ आणणारा फिल्टर) मारला तर पाहुण्याच्या खोलीतला पंखाही वर येतो.

नोडवाली:
बूस्टबद्दल. अँटेनापॉडमध्ये तो नाहीच. फीडमध्ये (कार्यक्रमाच्या भागांची यादी देणाऱ्या फाइलमध्ये) देणगीचा दुवा असेल तर तेवढा दाखवतं. बूस्टसाठी फाउंटनसारखं पॉडकास्टिंग २.० चं अ‍ॅप लागेल आणि कार्यक्रमाच्या फीडमध्ये ‘पॉडकास्ट:व्हॅल्यू’ टॅग असावा लागेल. फीड ब्राउझरमध्ये उघडून तो शब्द शोधा. नसेल तर विषय संपला.

कीसेंडने (आधी बिल न मागवता थेट नोडला पैसे पाठवायच्या पद्धतीने) जाणाऱ्या बूस्टमध्ये संदेश हा पैशाबरोबरच, टीएलव्ही रेकॉर्ड ७६२९१६९ या जोडमाहितीच्या कप्प्यात, जेसन या मजकूर-साच्याच्या रूपात जातो. लाइटनिंगच्या (बिटकॉइनच्या झटपट पेमेंट जाळ्याच्या) थराथरांच्या कांदा-पाकिटात सगळ्या हॉप (वाटेतले टप्पे) मिळून १३०० बाइट मावतात. त्यातच मार्गाची माहिती, कार्यक्रमाचं नाव, भागाचं नाव, तुमचं टोपणनाव आणि मग संदेश. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजले जातात. ‘श्री’ हे एक अक्षर दिसतं, पण आत चार चिन्हं, बारा बाइट. अ‍ॅपने जेसनमध्ये यू-कोड करून (दर चिन्हाला सहा बाइट) पाठवलं तर चोवीस. म्हणून देवनागरी पोचते, पण शंभर चिन्हांच्या आत ठेवा. पॅचवर्क यांनी लिहिलेली एक्सझेडची दुरुस्ती त्यात बसणार नाही, ती ईमेलनेच.

रक्कम अगदी बारीक ठेवू नका. पैसे टॅगमधल्या टक्केवारीने वाटले जातात: सूत्रधार, संकलक, होस्टिंग, अ‍ॅप. ५० सॅट्सच्या बूस्टमध्ये १ टक्केवाल्याच्या वाट्याला अर्धा सॅट येतो, तो कापला जातो किंवा राहतोच. वाटेतले नोड आपलं मूळ शुल्क प्रत्येक वाट्यावर वेगळं घेतात, ते निराळंच.

मूकश्रोता:
प्रयोग करून पाहिला. अ‍ॅप म्हणतं चारपैकी तीन वाटे गेले, एक फसला. संदेश पोचला असं समजायचं का?

नोडवाली:
कोणता फसला त्यावर. प्रत्येक वाटा हे स्वतंत्र पेमेंट असतं आणि संदेश त्या-त्या पेमेंटबरोबर जातो. सूत्रधाराचाच वाटा फसला असेल तर त्यांच्या हेलिपॅडवर (बूस्ट वाचायच्या सॉफ्टवेअरवर) काहीच दिसणार नाही. कारण बहुतेक वेळा समोरच्या नोडची येणारी क्षमता संपलेली असते किंवा नोड बंद असतो. तासाभराने तेवढाच वाटा पुन्हा पाठवा, पूर्ण बूस्ट नको, नाहीतर बाकी तिघांना दोनदा जाईल.

आणि कीसेंडच्या पावतीवर भांडू नका. त्यात प्रीइमेज (एरवी पैसे पोचल्याची पावती ठरणारा गुप्त आकडा) पाठवणाराच बनवतो, त्यामुळे ‘माझ्याकडे प्रीइमेज आहे’ हा पैसे पोचल्याचा पुरावा होत नाही.

मूकश्रोता:
ईमेलचा मसुदा असा केलाय: ‘भाग अमुक, माझ्या फाइलमध्ये ३२:१० च्या आसपास, “ब्लॉक अवैध ठरतो” हे वाक्य. ८० बाइट ही रिले पॉलिसी होती, एकमताचा नियम नाही. मोठा ओपी-रिटर्न असलेला ब्लॉक वैधच राहतो. पडताळणी: बिटकॉइन कोअर, आवृत्ती ३० च्या रिलीज नोट्स. एवढी मोठी चूक तुमच्याकडून अपेक्षित नव्हती.’

पॅचवर्क:
शेवटचं वाक्य काढा. त्या जागी ‘पुढच्या भागात एका वाक्यात दुरुस्ती आणि या भागाच्या टिपणांत एक ओळ पुरेल’ असं लिहा. काय करायचं ते आयतं हातात पडलं की होऊन जातं. एक्सझेडचं दुसऱ्या ईमेलमध्ये, आवाजाचे आकडे तिसऱ्यात.

ध्वनिदोष:
+१. तिसऱ्यात त्या दोन तीस-सेकंदी तुकड्यांच्या वेळाही टाका, म्हणजे त्यांना तेच तुकडे मोजता येतील.