साइटवरचं पिवळं हेल्मेट गाडीवर चालतं का?

चाकणची_ताई: धाकटा भाऊ बांधकामावर सुपरवायझर आहे. मोशीहून रोज बाइकने येतो, तेही साइटचंच पिवळं हेल्मेट घालून. बोललं की म्हणतो, "डोक्यावर हेल्मेट आहे ना, झालं तर मग!" हायवेचा रस्ता, माझा जीव टांगणीला. दोन्हींत खरंच फरक असतो का? त्याला पटेल असं सांगा.

सेफ्टीवाला: ताई, अजिबात चालत नाही. मी साइटवर सेफ्टीचंच काम बघतो. त्याला ते हेल्मेट उलटं करून आत बघायला सांगा. पट्ट्यांची जाळी दिसेल, आणि जाळी व टोपी यांच्यामध्ये बोटं जातील एवढी पोकळी. वरून वीट किंवा पाना पडला की पट्ट्या ताणल्या जातात आणि मार एका जागी बसत नाही. ते बनवलंय वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी. गाडीवरून पडल्यावर आपटतं ते कानशील, कपाळ, डोक्याची मागची बाजू. तिथे वाचवायला आत काहीच नाही. त्यात हनुवटीचा पट्टा पोरं लावतच नाहीत, म्हणजे डोकं टेकायच्या आधी टोपी उडालेली.

बाइकच्या हेल्मेटात अस्तरामागे थर्माकोलचा जाड थर असतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि धक्का खातो. चेपलेला थर परत फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलाच.

घेताना आयएसआयच्या खुणेजवळ आयएस ४१५१ आहे का बघा. साइटच्या हेल्मेटाचा नंबर २९२५.

रोजचा_प्रवासी: कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायदा, कलम १२९: हेल्मेट बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) मानकाचंच हवं, मागे बसणाऱ्यालासुद्धा. नाहीतर कायद्यात १००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्स निलंबित.

चाकणची_ताई: उलटं करून दाखवलं. बराच वेळ पट्ट्या ओढून बघत होता. आता म्हणतो, दोन-दोन हेल्मेटं सांभाळू कुठे?

सेफ्टीवाला: पिवळं साइटवरच ठेवू दे, पण सावलीत. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं. बाइकचं घ्यायला त्यालाच दुकानात न्या, अंदाजाने आणू नका. पट्टा लावून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवायचं. कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. मग मागून धरून पुढे ढकलायचं. निघून आलं तर एक माप लहान मागा.