दार लावून घेताना: श्रद्धा आणि बदलता काळ (अनुभव धागा)

धागाकर्ती

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोल. माझ्या खोलीचं दार लागतं. पण फोन माझ्याबरोबर आत येतो.

म्हणून हा धागा. 'आजकालची पिढी' या विषयावर निबंध नकोत, ते आपण उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर उभं राहून बोलतोच. गेल्या काही वर्षांत तुमच्या श्रद्धेच्या एखाद्या सवयीला धक्का लागला असेल, किंवा बळ मिळालं असेल, तर तेवढंच सांगा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सोडून गेलेले, परत आलेले, सगळे या.

सुरुवात माझी. मी फोनवर शास्त्र वाचते. सलग किती दिवस वाचलं ते ॲप मोजतं. माझे चारशेच्या वर दिवस झाले होते. एका रात्री बारा वाजायला दोन मिनिटं असताना अंथरुणातून धडपडत उठले, हाताला लागेल ते वचन उघडलं, आकडा वाढलेला पाहिला आणि झोपले. सकाळी आठवेना काय वाचलं होतं. स्तोत्र होतं की वंशावळ, तेही नाही. मग एक दिवस मुद्दाम वाचलं नाही. आकडा शून्यावर आला तेव्हा जे वाईट वाटलं त्यानं मी चरकलेच. पाप केल्यावरसुद्धा मला इतकं वाटत नाही.

छापील पुस्तकच पवित्र, असं मात्र मी म्हणणार नाही. सगळं जग गुंडाळ्या वाचत होतं तेव्हा, दुसऱ्या शतकातच, ख्रिस्ती लोकांनी पानं शिवलेली वही आपलीशी केली होती. गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमारास छापलं तेही लॅटिन बायबल. त्या वहीला आपण किती दिवस वाचतोय हे मोजता येत नव्हतं, एवढाच फरक.

रात्रपाळी

मी परिचारिका. २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली आणि उपासना पडद्यावर आली. बाकीच्यांसाठी ती तात्पुरती सोय होती. माझे मात्र त्याआधीचे कित्येक रविवार ड्यूटीत गेले होते, त्यामुळे मला ती देणगीच वाटली. सुरुवातीला ऐकताना रडू यायचं. मग कळलं की वेग वाढवता येतो. आता दीडपट वेगानं ऐकते, आणि खरं सांगायचं तर काही उपदेश तसे जास्त बरे वाटतात. (इथल्या पाळकांनी मनावर घेऊ नये.) प्रभूची प्रार्थना मात्र तशी ऐकवत नाही, तिथे वेग कमी करते. पापकबुली आली की बोटानं पुढे सरकवते. बाकावर असते तर मधून उठून जायची हिंमत झाली नसती.

दुसरं म्हणजे प्रभुभोजन. आमच्या पाळकांनी घरीच भाकर आणि द्राक्षरस घेऊन बसायची मुभा दिली. माझी कॅथलिक सहकारी म्हणाली, आमच्यात तसं चालत नाही, आम्ही कम्युनियन (म्हणजे हेच प्रभुभोजन) प्रत्यक्ष भाकरीविना, मनानंच घेतो. मला तेव्हा तिची कीव आली होती. आता वाटतं, तिला निदान भूक तरी लागत होती.

मागचा बाक

दुपारच्या प्रार्थनेला बसलो की दर दोन मिनिटांनी हात फोनकडे जातो. मला वाटायचं, हा आपल्या काळाचा रोग. मग एव्हाग्रियस भेटला. चौथ्या शतकातला, इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी. त्यानं 'दुपारच्या भुता'चं वर्णन केलंय: सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघतो की कुणी येतंय का. हुबेहूब मी! त्याचा उपायही कंटाळवाणा आहे: खोली सोडू नकोस. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. तीन दिवस जमतं, चौथ्या दिवशी फोनच्या खोलीत प्रार्थनेला बसतो.

शनिवारची रात्र

मी पाळक. (रात्रपाळीताई, मनावर घेतलं आहे.)

गेल्या वर्षी एका शनिवारी थकून चॅटबॉटला सांगितलं, लूक १५, हरवलेला मुलगा. अर्ध्या मिनिटात उपदेश तयार. तीन मुद्दे, तिन्ही एकाच अक्षरानं सुरू होणारे. मी तो तसाच दिला. लोकांना आवडला, एक-दोघांनी प्रतही मागितली.

दुसऱ्या बाकावर एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा घर सोडून गेलाय, बरीच वर्षं झाली. मला ते माहीत होतं, यंत्राला कुठून माहीत असणार? उपदेशात एक वाक्य होतं की वाट पाहणाऱ्या बापाचा मुलगा परततोच. मी स्वतः लिहायला बसलो असतो तर या 'परततोच'पाशी पेन अडलं असतं, कारण त्यांचा चेहरा समोर आला असता. दृष्टांतात तो मुलगा परतला, पण दरेक घरात परततो असं येशूनं कुठेही म्हटलेलं नाही. उपासनेनंतर दारात हात मिळवताना ते काही बोलले नाहीत. मीही नाही बोललो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन कबूल केलं. ते म्हणाले, "मला वाटलंच, हे तुमचं नाही."

व्हॅटिकननं जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर मोठं टिपण काढलं. मी प्रोटेस्टंट असूनही वाचलं. तिला माणसाच्या बुद्धीचं कृत्रिम रूप समजू नये, ती त्या बुद्धीची निर्मिती आहे, असा त्यातला एक मुद्दा आहे. मला तो दुसऱ्या बाकापाशी समजला. वापर मी सोडलेला नाही. ग्रीक शब्द शोधायला घेतो. एकदा त्यानं अस्तित्वातच नसलेलं वचन अध्याय-ओवीसकट दिलं, तेव्हापासून पडताळून घेतो.

जुना फॉरवर्डवाला

माझं थोडक्यात. अमुक देशात उद्या इतक्या ख्रिस्ती लोकांना मारणार, रात्री जागून प्रार्थना करा, असा निरोप आला. मी सगळ्या गटांत पाठवला. लोक खरोखर जागले. मग एका मुलानं दाखवलं की तोच निरोप कित्येक वर्षं फिरतोय. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी आणि कॅथलिकांच्या आठवी. मी दोन्हीकडे सापडलो. बातमी खोटी होती, प्रार्थना खरी होती. त्या प्रार्थनेचं काय झालं असेल, हे अजून मनात येतं.

दोन मुलांची आई

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. म्हणाली, "मला येशू चालतो, चर्च नाही." तिच्या वयाची कितीतरी मुलं हेच म्हणतात, त्यासाठी एक शब्दही आहे, डिकन्स्ट्रक्शन. विश्वास विटेविटेनं सुटा करून बघायचा. मी आधी चिडले, मग वचनं पाठवू लागले, रोज सकाळी एक. तिनं मला म्यूट केलं.

तिचे प्रश्न फॅशनचे नव्हते, हे मला उशिरा कळलं. तिच्या मैत्रिणीला एका मंडळीत फार वाईट वागणूक मिळाली होती आणि मोठी माणसं गप्प बसली होती. मुलगी मला विचारत होती, तूही गप्प बसली असतीस का? मी तिला स्तोत्र २३ पाठवत होते, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे दिलाशाचं.

हल्ली योहानाच्या विसाव्या अध्यायातला थोमा, येशूचा शिष्य, सारखा आठवतो. येशू मेलेल्यांतून उठला हे त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं त्यानं इतर शिष्यांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच लोकांत आहे. दारं बंद होती, पण तो आत होता. ते आठ दिवस इतर दहा जण त्याच्याशी कसे वागले असतील, शास्त्र सांगत नाही. मला तेवढंच हवं होतं.

आता वचनं पाठवत नाही. रविवारी दुपारी ती विचारते, "आज काय सांगितलं?" आणि मग आमचं भांडण होतं, चांगलं तासभर.

उलट वाटेनं आलेला

माझी गोष्ट उलटी. घरात कुणी चर्चला जात नसे, मला शुभवर्तमान इंटरनेटवर सापडलं. कार्लो अकुतिसबद्दल वाचलं: १९९१ चा जन्म, कॉम्प्युटरचा नाद, युखारिस्ताच्या (प्रभुभोजनाच्या) चमत्कारांची वेबसाइट केलेली, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेलेला. ७ सप्टेंबर २०२५ ला तो संत झाला. इटलीत असिसीला त्याचं शरीर जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये ठेवलंय. मला ते बूट पाहून आत यावंसं वाटलं, हसायचं तर हसा.

पण त्याच इंटरनेटनं वाईट खोडही लावली. बाप्तिस्म्याच्या तयारीचे महिने मी अनोळखी लोकांशी सिद्धान्तांवर भांडण्यात घालवले. फादरांनी विचारलं, "आज किती जणांना हरवलंस?" मी आकडा सांगितला. त्यांनी पुढचं काहीच विचारलं नाही.

हिशेबनीस

आमचा गट गरजूंना मदत करतो. फोटो टाकले की देणग्या येतात. एका बाईनं विचारलं, "माझा चेहरा कशाला?" आम्ही फोटो बंद केले. मत्तय ६: उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. देणग्या घटल्या, त्याच बाईला पुढच्या महिन्यात कमी मिळालं. तेव्हा कुणीतरी मत्तय ५ काढलं: तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. दोन्ही एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली! सध्या पिशव्यांचे फोटो टाकतो. पिशव्यांना लोक फारसे देत नाहीत.

राखेचा बुधवार

उपवासकाळात चाळीस दिवस सोशल मीडिया सोडलं. तिसऱ्या दिवशी, किती शांत वाटतंय, हे सगळ्यांना सांगायला उघडलं.

रात्रपाळी (पुन्हा)

पाळकसाहेब, तुमचं वाचून काल वेग एकवर आणला. उपदेश पूर्ण ऐकला, लांब होता. कबुलीपाशी मात्र बोट अजून पुढे जातं.